विहीणबाईंची स्कूटर

बाणेर, पुणे
२० जुलै २०२५

सुशीलाबाई, तुळजाबाईचा नमस्कार.

चष्मा शोधू नका, कपाळावर आहे. तो खाली घ्या आणि मग पुढचं वाचा. मी कोण ते आठवत नसेल तर सांगते. पस्तीस वर्षांपूर्वी तुम्ही तुमची लेक ज्या घरात दिलीत, त्या घरची मी म्हातारी. अजून आहे. नऊ वर्षांत ना निरोप ना सांगावा, तेव्हा मला वाटलं, माझं तेरावंही तुम्ही मनातल्या मनात उरकून टाकलं असणार.

फोन न करता पत्र का, असं वाटेल. आपल्या नातीच्या, उत्कर्षाच्या लग्नात भर पंगतीतून उठून मी म्हणाले होते, या बाईशी पुन्हा तोंडानं बोलणार नाही. तोंडानं म्हणाले होते. पत्राची शपथ घेतली नव्हती. मला अक्षर येत नाही हे सगळ्या भावकीला ठाऊक आहे, म्हणून लिहायला तुमच्याच लेकीला बसवलंय. तोंड माझं, हात शालनचा. ती म्हणाली, "आत्याबाई, माझ्याच आईला माझ्याच हातानं टोमणे मारायचे?" मी म्हटलं, परक्याच्या हातानं मारले तर तुझ्या आईला जास्त लागतील.

आता मुद्द्याचं. तुमच्या नातवानं, म्हणजे माझ्या नातवानं, स्कूटर बाहेर काढली आहे. तीच. गोठ्यात नऊ वर्षं पोत्यांखाली पडली होती. गोठ्यात आता जनावरं नाहीत, दोन मोटारी उभ्या असतात, आणि त्यांच्यामागं ती. रविराजची हिंजवडीची बस संध्याकाळी सातला त्याला कोपऱ्यावर सोडते. पूर्वी तो आला की आधी माझ्या खोलीत डोकवायचा. आता बूटसुद्धा न काढता गोठ्यात जातो, पाट मांडून बसतो, आणि तिचा एकेक अवयव सोडवून वर्तमानपत्रावर मांडतो. इंजिन एका कागदावर, हँडल दुसऱ्यावर. एवढ्या मायेनं माझी औषधं कुणी मांडली नाहीत कधी.

त्याबद्दल माझं म्हणणं नाही. छंद आहे, असो. माझं म्हणणं तुमच्या फोनबद्दल आहे.

रोज फोन. "लोणीची आजी, हा वायसर कुठला? लोणीची आजी, ही वायर तुटलीय, काय करू?" आणि तुम्ही तिकडून सांगता. फोनचा आवाज मोठा ठेवतो, हात काळे असतात ना त्याचे. मला सगळं ऐकू येतं. तुमच्या तात्यारावांचं सोलापूर रस्त्याला गॅरेज होतं आणि तुम्ही चाळीस वर्षं तिथं बसून नटबोल्ट निवडलेत, हे मान्य. पण म्हणून रंगही तुम्हीच सांगायचा? "मोरपंखी दे, यांना तोच आवडायचा." दिला त्यानं मोरपंखी. मला कुणी विचारलं नाही. मला अक्षरं येत नाहीत, सुशीलाबाई, रंग येतात.

तर विनंती एवढीच. पुढच्या वेळी त्याचा फोन आला की सांगा, बाळा, वय झालं, आठवत नाही. विसरायची तुम्हाला सवय आहे, जड जाणार नाही.

आणि ते "आमची स्कूटर, आमची स्कूटर" बंद करा. तात्यारावांनी लग्नात दिली, आपल्या खुशीनं दिली. आम्ही काही मागितली नव्हती.

हे वाक्य सांगितलं तेव्हा शालननं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, लिही. तिनं लिहिलं.

तुळजाबाई


९ ऑगस्ट २०२५

सुशीलाबाई,

पत्र पोचलं म्हणे. रविराज सांगत होता. "लोणीची आजी म्हणाली, शालनचं अक्षर अजून मोत्यासारखं आहे." बास. दीड पान माझं, आणि कौतुक अक्षराचं. बाई, तुम्ही पुण्याच्या पेठेत जन्माला यायच्या, चुकून लोणीला आलात.

फोन बंद झालेले नाहीत. उलट वाढलेत.

काल त्यानं नवीन काढलंय. स्कूटर नुसती जुनी होती तशी करायची नाही, म्हणे, तिच्यात सुधारणा करायची. मागच्या सीटला पाठ लावणार आणि डाव्या अंगाला पाय ठेवायला रुंद फळी. म्हातारं माणूस एका बाजूला पाय सोडून बसलं तरी लोंबकळायला नको. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी पदरानं पाय पुसून तयारच बसले होते. तर हा गोठ्यात उभा राहून फोनवर, "लोणीची आजी, खुर्चीवर बस. गुडघ्यापासून तळव्यापर्यंत टेप लाव. किती आलं?"

तुमचे गुडघे पस्तीस किलोमीटरवर. माझे शेजारच्या खोलीत.

मी शालनला विचारलं, याला माझे गुडघे दिसत नाहीत का? ती म्हणाली, "आत्याबाई, तुम्हीच तर नऊ वर्षं म्हणताय, त्या भंगाराला शिवणारसुद्धा नाही." म्हणाले असेन. माणूस काहीही म्हणतं. लोकांनी ते धरून बसायचं नसतं.

बाकी इथं सगळे ठीक. आज नारळीभात केला होता. रविराजनं दोनदा घेतला, मग म्हणाला, लोणीची आजी यात लवंग जास्त घालते.

तुळजाबाई


३१ ऑगस्ट २०२५

सुशीलाबाई,

तुम्ही माझी बाजू घेतलीत. हे मला अजिबात आवडलं नाही, आणि ते सांगण्यासाठी हे पत्र.

झालं काय, ते माझ्या तोंडून ऐका, कारण त्यानं तुम्हाला स्वतःच्या सोयीनं सांगितलं असणार. स्कूटर जोडून झाली होती. किक मारली की सुरू व्हायची, जरा गुरगुरायची आणि मान टाकायची. आडवी करून झाली, प्लग बदलून झाला. औंधच्या कुठल्याशा गॅरेजवाल्याकडं सायलेन्सर नेला, त्यानं काळा कुळकुळीत रंग मारून कागदात गुंडाळून परत दिला. "आजी, बघ, नव्यासारखा." वरून नव्यासारखा होता. मी नळीत बोट घातलं. बोट काळं, चिकट. आत सगळी काजळी तशीच.

मला गाडीतलं काही कळत नाही असं या घरात समजतात. पण ती स्कूटर चालत होती तोवर दर दिवाळीच्या आधी तिचा सायलेन्सर कोण भाजायचं? माझा लेक काढून द्यायचा आणि मी न्हाणीच्या चुलीत घालायची, खाली गोवऱ्या, वर बाभळीची लाकडं. लाल होईपर्यंत भाजायचा, गार झाला की काठीनं बडवायचा, भसाभस काजळी पडायची. त्यावरच मग अभ्यंगाचं पाणी तापायचं. हे मी कुणाला सांगत बसले नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

रविराज ऑफिसात होता. मी अंगणात तीन विटा मांडल्या.

रंग गेला. नुसता गेला नाही, आधी फोड आले आणि मग गेला. वास एवढा सुटला की समोरच्या सोसायटीतली बाई गॅलरीतून ओरडली, "काय जाळताय?" मी म्हटलं, माझा सायलेन्सर आहे, तुमचं काय जातंय.

संध्याकाळी रविराज आला. बघितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. आत गेला, दार लावलं आणि तुम्हाला फोन केला. माझ्याबद्दलची तक्रार तो माझ्यासमोर करत नाही, सुशीलाबाई, ती तुमच्याकडं करतो. मी दाराबाहेर उभी होते. डाळ निवडत होते असं लिही. शालन म्हणते, ताट हातात नव्हतं. बरं, नव्हतं.

आणि तुम्ही काय म्हणालात? "अरे, तुळजाबाईंनी केलं तेच बरोबर. भाजल्याशिवाय काजळी जात नाही. तुझ्या त्या गॅरेजवाल्याला काही येत नाही, त्यांना येतं. जा, पाया पड त्यांच्या."

आला. पाया पडला. सायलेन्सर लावला, किक मारली, आणि ती जी सुरू झाली ती थांबेना. सगळं बाणेर धुरात. रविराज नाचला. माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "आजी, लोणीची आजी बरोबर बोलली!"

भाजला मी. बरोबर तुम्ही.

अशी मदत शत्रूनंही करू नये. शिव्या दिल्या असत्यात तर मला परत देता आल्या असत्या. आता हे चांगलं बोललेलं मी कुठं ठेवू?

आणि त्याच आनंदात त्यानं जाहीर केलं. दसऱ्याला पूजा झाली की पहिली फेरी लोणीची. लोणीच्या आजीला मागं बसवून गावभर फिरवणार.

मग परवा गंमत झाली. किक हरवली. ती निकेल करून आणायला त्यानं सोडवली होती, आणली, गोठ्यातल्या फळीवर ठेवली, आणि नाही. किकशिवाय स्कूटर सुरू होत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. आज रविवार, सगळं घर धुंडाळलं. तशीच मिळत नाही म्हणे कुठं, जुनी बनावट. मला काय माहीत कुठं गेली. घुशी झाल्यात फार. आमच्याकडं हल्ली सगळ्यांना पोळ्या लागतात, ज्वारीच्या डब्याला तर महिना महिना कुणी हात लावत नाही.

दसऱ्याचं तुम्ही फार मनावर घेऊ नका. वाट बघत बसाल.

तुळजाबाई


१४ सप्टेंबर २०२५

सुशीलाबाई,

आज लिहायला बसायला शालन तयार नव्हती. मीच तिला बोलावलं. आमच्यात चार दिवस बोलणं नव्हतं. आता ते का, हे तिच्याच हातानं लिहून घ्यायचं आहे, म्हणजे माझी शिक्षा पुरी होईल.

आमच्या यांचं, दत्तोबांचं श्राद्ध होतं. त्यांना भाकरी आवडायची, म्हणून शालननं ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला. हात घातला. मी ओट्याजवळच पाटावर बसले होते. तिनं किक वर काढली, पिठूळ झालेली, निकेल चकाकत होतं. माझ्याकडं बघितलं. मी मिक्सरकडं बघितलं. तिनं ती पुन्हा पिठात खुपसली, वरून पीठ सारखं केलं, झाकण लावलं आणि भाकरीला बसली.

घरी कुणाला बोलली नाही. रविराजलाही नाही. तिनं सांगितलं असतं तर मी रडून, छातीत दुखतंय म्हणून वेळ मारून नेली असती. तिनं ते माझ्यावरच सोडलं. लेक तुमचीच आहे, नाहीतर एवढा पाताळयंत्रीपणा कुठून येणार.

रात्रीची भांडी झाल्यावर मीच म्हणाले, "विचार काय विचारायचं ते."

ती म्हणाली, "मला काही विचारायचं नाही, आत्याबाई. सांगायचंय."

मग तिनं जे सांगितलं ते तुम्ही मला पस्तीस वर्षांत का नाही सांगितलंत?

शालन तेरा वर्षांची असताना तात्यारावांनी स्कूटरचा नंबर लावला होता, म्हणाली. सात वर्षं. तेव्हा तसाच वेळ लागायचा, आठवतंय मला, पोरगी वयात यायची पण स्कूटर दारात यायची नाही. दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याकडं स्वतःची सायकल होती. तुम्ही गॅरेजात बसून त्यांच्यासोबत दिवस मोजलेत. सीटसाठी कव्हर शिवलंत, गोधडीच्या टाक्याचं, कडेनं लाल फुलं. नंबर लागला, स्कूटर आली, आणि तीन महिन्यांत शालनचं लग्न ठरलं. तुम्ही तिच्यावर एकदाही बसला नाहीत. तात्याराव म्हणाले होते, "बसून दिली तर जुनी दिली म्हणतील." अंगणातून तशीच ढकलत टेंपोत चढवली.

ते कव्हर मला आठवतं. मी म्हटलं होतं, ही काय बैलाची झूल! दुसऱ्या दिवशी मी त्यात गोवऱ्या बांधल्या.

हे शालन लिहितेय आणि तिचा हात थांबलाय. थांबू दे.

आता माझं ऐका. पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहून घेतलं होतं. आम्ही मागितली नव्हती, असं. दत्तोबांनी मागितली नव्हती, हे खरं. ते बैठकीत म्हणाले, नारळ आणि मुलगी, दुसरं काही नको. सगळे त्यांना देवमाणूस म्हणाले. उठल्यावर मी मागच्या दारानं शालनच्या मामीला गाठलं आणि म्हटलं, "पोराला मंडईत माल न्यायला लांब पडतं, एखादी स्कूटर असती तर बरं." एवढंच. नाव घेऊन मागितली नाही. आपल्यात नाव घेऊन मागत नाहीत. शालनला हे माहीत होतं. मामीनं तिला लग्नाआधीच सांगितलं होतं. पस्तीस वर्षं ती माझ्या हाताखाली राबली आणि मला एकदाही बोलून दाखवलं नाही. दोघी मायलेकी सारख्या. तुमच्या घरात तोंडाला कुलूप आणि किल्ली विहिरीत.

मी मागितली कुणासाठी? पोरासाठी म्हटलं. पण पहाटे मेथीच्या जुड्या पुढं ठेवून मागं कोण बसायचं? मी. तोवर मला बाणेरच्या पलीकडं एस.टी.चा थांबा तेवढा माहीत होता. त्या स्कूटरवर मी मंडई बघितली, लक्ष्मी रोड बघितला, खडकवासल्याचं पाणी सोडलेलं बघितलं. पदर उडायचा. मला कुणी काही म्हणायचं नाही, कारण मी मालाबरोबर जात होते.

उत्कर्षाच्या पंगतीत तुम्ही हसत म्हणालात, "आमच्या स्कूटरवर या घरानं पुणं बघितलं." सव्वीस वर्षांत एकदाच बोललात. खोटं बोलला असतात तर मी हसून तुमच्या पानात दोन जिलब्या जास्त वाढल्या असत्या. खरं होतं, म्हणून मी ताटावरून उठले. घरी येऊन स्कूटर पोत्याखाली घातली आणि लेकाला म्हटलं, इंजिन बसलंय. त्यानं तपासलंही नाही.

नातू तुमच्याकडं वळला तर त्यात नवल काय. तुम्ही द्यायला बसलात, मी लपवायला.

तरीपण सांगते. तुमचं नाव घेतल्यावर त्याच्या तोंडावर जे येतं, ते बघून मला अजून जळजळ होते. मी काही एका रात्रीत साध्वी झालेली नाही.

तुळजाबाई


२५ सप्टेंबर २०२५

सुशीलाबाई,

काल संध्याकाळी बस कोपऱ्यावर थांबली तेव्हा मी गोठ्यात जाऊन पाटावर बसले होते. रविराज आला. मी पदराखालून किक काढून त्याच्यासमोर धरली.

"कुठं सापडली गं?"

"सापडली नाही. लपवली होती."

"का?"

मी म्हटलं, "तू तिला बसवणार होतास म्हणून."

तो माझ्यासमोर खाली फरशीवर बसला. म्हणाला, "आजी, तुला बसायचं होतं तर सांगायचं ना. आधी तुला नेतो. मंडईपर्यंत जाऊ, मग लोणीला." एवढं त्यानं म्हणावं म्हणून मी तीन महिने झुरत होते. किक ज्वारीत घातली, तुमच्या लेकीला तुमच्याविरुद्ध लिहायला लावलं. आणि तो ते असं सहज म्हणाला, चहा घेतेस का विचारावं तसं.

मी नाही म्हटलं.

दाताखाली जीभ धरून म्हटलं, पण म्हटलं. त्या सीटवर मी सव्वीस वर्षं बसलेय. ती तुमच्यासाठी आली होती आणि मी मधल्या मध्ये उचलली. पहिली फेरी तुमचीच. दसऱ्याला गुरुवारी सकाळी इथं पूजा होईल, मी हळदकुंकू लावीन, चाकाखाली लिंबू ठेवीन. मग तो एकटा निघेल. मागची सीट रिकामी ठेवून निघेल, वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तरी बसवायचं नाही, असं त्याला बजावलंय. दहापर्यंत तुमच्या दारात पोचेल.

तुम्ही लगेच इकडं यायची घाई करू नका. आधी गावातून फिरा. तात्यारावांच्या गॅरेजवरून जा, आता तिथं काय असेल ते असो. मोठ्या रस्त्याला लागा. डोक्यावरचा पदर दातात धरा, नाहीतर उडतो आणि मग माणूस उगाचच हसायला लागतं, लोक बघतात. फळी तुमच्या गुडघ्याच्या मापाची आहे, पाय नीट टेकतील. मी एकदा बसून बघितलं, गोठ्यात, उभ्या स्कूटरवर. मला ती दोन बोटं खाली पडते. म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा उंच. पस्तीस वर्षं मला वाटत होतं उलटं आहे.

कव्हराचं मी काही करू शकत नाही. शालन म्हणाली, नवीन शिवू. मी म्हटलं नको. केलं ते केलं, त्यावर ठिगळ लावायचं नाही. सीट तशीच आहे, काळी.

फिरून झालं, पोट भरलं, की मग इकडं यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आलात तर मी तोंडानं बोलेन की नाही, आत्ता सांगत नाही. शपथ भर पंगतीत घेतली होती, मोडायची तर तीनशे माणसं जेवायला घालावी लागतील. नाही आलात तर तेही समजेन, मला तेवढं समजतं.

पण रविराजला रिकाम्या हातानं परत पाठवू नका. नवरात्राच्या फुलोऱ्याला तुम्ही कडाकण्या करालच, त्यातल्या वीसेक पाठवा. गूळ बेतानं घाला, तुमच्याकडं गोड जास्त होतं. आणि पातळ लाटू नका, चांगल्या जाड लाटा, स्टीलच्या डब्यात घट्ट भरा. पातळ कडाकणी हडपसरच्या पुढं अख्खी पोचत नाही.

तुळजाबाई